नोंदणीकृत पालक

टॉवरचं दार उघडलं नाही. सानिकानं मनगट दाराशेजारच्या काचेपुढे पुन्हा धरलं. एरवी तिथे हिरवा ठिपका यायचा आणि कडी आपोआप सरकायची. आज ठिपका पिवळा आला आणि पिवळाच राहिला.

"घामानं होतं असं. पूस आणि बघ," मागून तौफिक म्हणाला.

तिनं मनगटावरचा पट्टा बाहीला घासून पुसला. फरक पडला नाही. तौफिकनं आपलं कार्ड लावलं, तशी कडी लगेच सरकली. ती आत पाऊल टाकणार तोच दारातून एका बाईचा गोड आवाज आला, "सानिका शेलार, आपल्याला या जागी प्रवेश नाही. आपली काळजी घ्या."

सानिका दारातच थांबली. पाटणच्या डोक्यावरच्या या पठारावर ती आणि तौफिक मुल्ला कित्येक वर्षं पवनचक्क्यांची देखभाल करत होते. टॉवरवर जायचं ते जोडीनं, असा कंपनीचा नियम होता. तौफिकचा हात यंत्रात चांगला चालायचा, तर शिडी आणि दोर यांत सानिकाला तोड नव्हती. वर अडकलेल्या माणसाला खाली उतरवण्याच्या प्रशिक्षणात सबंध राज्यातून ती पहिली आली होती.

इतक्यात फोन वाजला. नवऱ्याचा होता. प्रथमेश पाटणच्या हायस्कुलात गणित शिकवायचा आणि शाळेच्या वेळात कधीही फोन करायचा नाही.

"सानू, तू वर नाहीस ना?"

"खालीच आहे. दार उघडत नाहीये. का रे?"

"उघडणारच नाही." त्याचा आवाज आनंदानं फुटत होता. "अगं, मला मेसेज आला. अभिनंदन म्हणून! आपल्याला बाळ होणार आहे."

पाळीची तारीख अजून उलटलीही नव्हती. अंगात कुठे काही वेगळं जाणवत नव्हतं. सानिकानं पोटावर हात ठेवला आणि समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघितलं. दाराला कळलं, नवऱ्याला कळलं, मग तिला कळलं.

"ऐकतेयस ना?" प्रथमेश विचारत होता. "तुला आनंद नाही झाला?"

"झाला," ती म्हणाली. "जरा थांब. होऊ दे."

तिच्या मनगटावरचा हा वत्सला पट्टा कुणी बायकांना अडवायला शोधून काढला नव्हता. तो शोधला होता त्या वाचाव्यात म्हणून. पट्ट्याच्या आतल्या अंगाला केसाहून बारीक सुयांची जाळी असते. त्या सुया रक्तापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे टोचल्याचं कळतही नाही; कातडीखालच्या पेशींच्या मध्ये जो पातळ द्रव असतो, त्यात त्या बुडालेल्या असतात. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला, की त्याच्याभोवतालच्या पेशी एक संप्रेरक सोडू लागतात. बाजारातल्या चाचणीला ते पुरेसं साठायला बरेच दिवस लागतात. पट्ट्याला त्याचे थोडे रेणूही ओळखू येतात. पुढच्या महिन्यांत तोच पट्टा रक्तदाबावर नजर ठेवतो, आणि गरोदरपणात एकाएकी चढणारा जो दाब बाईला झटके आणून मारतो, त्याची सूचना आठवडाभर आधी देतो. सानिकाची मावशी तशीच गेली होती, भर दुपारी, दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात पट्टे आले तेव्हा सानिकानं पहिल्याच रांगेत उभं राहून तो बांधून घेतला होता.

मग निवडणूक झाली. गृहरक्षा आघाडी सत्तेवर आली ती रस्ते आणि जुनी पेन्शन यांच्या जोरावर. समानतेविरुद्ध ते भाषणात बोलायचे, पण ते बोलणं ऐकायला गोड वाटायचं. "समानतेनं आमच्या बहिणीला काय दिलं? घरचं काम होतंच, त्यावर बाहेरचंही टाकलं. आम्ही तिला तिचा मान परत देणार," असं नेता म्हणाला की बायकाही टाळ्या वाजवायच्या, कारण त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. प्रथमेशनं पेन्शनसाठी त्यांनाच मत दिलं होतं. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतींतलं बायकांचं आरक्षण गेलं. सानिकाच्या सासूबाई, सुमनताई, तेव्हा गावच्या सरपंच होत्या. एका सकाळी शिपाई आला आणि कार्यालयाची किल्ली घेऊन गेला. दुसऱ्या वर्षी मातृसंरक्षण कायदा आला. बायकांनी हे करू नये, ते करू नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. वयात आलेल्या प्रत्येकीनं पट्टा बांधावा, पट्ट्यानं गर्भाची वर्दी दिली की धोक्याच्या जागेची दारं तिच्यासाठी बंद व्हावीत, ती उघडायला किंवा तालुक्याबाहेर जायला तिनं नोंदणीकृत पालकाची मंजुरी घ्यावी, एवढंच लिहिलेलं होतं. विवाहितेचा पालक म्हणजे नवरा. "कुणाचा कुठलाही हक्क काढलेला नाही," मंत्री टीव्हीवर म्हणाले होते, "फक्त काळजी वाढवली आहे."

बाळाची बातमी आल्यावर सुरुवातीला दोघं या सगळ्याला हसायचे. सानिकाला आईला भेटायला कराडला जायचं असलं की ती बसच्या दाराला मनगट लावायची, प्रथमेशच्या फोनवर विचारणा यायची आणि तो "मंजूर, मॅडम, मंजूर!" असा मेसेज वर टाकायचा. पगार तोच राहिला, पण काम बदललं. पायथ्याच्या खोलीत बसून ती पडद्यावर पात्यांचे आकडे बघायची. बदली माणूस कंपनीनं घेतला नव्हता. तौफिक एकटाच वर जायचा.

हळूहळू तिला बाळ हवंसं वाटू लागलं. आंघोळीच्या वेळी ती पोटाशी बोलायची. सुमनताईंनी कुठूनशी चांगली खारीक आणली आणि कुणाला न दाखवता तिच्या डब्यात घालायला सुरुवात केली. ते दिवस चांगले होते, हे तिला नंतरही नाकारता आलं नाही.

एकदा शाळेत तास चालू होता म्हणून प्रथमेशनं फोन बघितला नाही. सानिका बसच्या दारात उभी राहिली, मागे माणसं खोळंबली, आणि शेवटी कंडक्टर म्हणाला, "ताई, बाजूला व्हा. दुसऱ्या गाडीनं या." बस गेली. संध्याकाळी तिनं सांगितलं तेव्हा प्रथमेशला वाईट वाटलं. पण तो म्हणाला, "आधीच सांगत जा ना. म्हणजे मी लक्ष ठेवीन." त्यानंतर ती आधी सांगू लागली. आधी सांगितलं की बोलणं व्हायचं. बोलणं झालं की कधीकधी जाणं पुढच्या रविवारवर जायचं.

त्याचंही एक दुखणं होतं. मंजुरीचं बटण दाबलं की खाली एक ओळ यायची: या प्रवासात वा कामात गर्भाला इजा झाल्यास जबाबदारी पालकाची राहील. मुख्याध्यापकांनी त्याला एकदा बाजूला घेतलं होतं. "शेलार, तुमच्याकडून मंजुऱ्या फार जातात म्हणे. शिक्षकाचं घर आदर्श असावं लागतं." हे त्यानं सानिकाला सांगितलं नाही. फक्त तो बटण दाबायला वेळ लावू लागला.

एके दिवशी वारा कमी होता म्हणून तौफिकनं पाती थांबवली आणि टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीतल्या तेलाच्या गळतीचं काम काढलं. सानिका खाली पडद्यासमोर होती. वायरलेसवर त्याचं पुटपुटणं येत होतं, त्यात एकदम काहीतरी आदळल्याचा आवाज झाला आणि मग नुसता श्वास.

"तौफिक? तौफिक!"

"पाय..." तो म्हणाला. "घसरलो. पाय मोडला. रक्त थांबत नाही गं."

तिनं अग्निशमन दलाला फोन लावला. ते कराडहून निघणार होते. आणि आले तरी त्यांच्यात टॉवरवर चढणारा कुणी नव्हता. कंपनीचं बचाव पथक साताऱ्यात होतं. सानिका टॉवरशी धावली. काचेपुढे मनगट धरलं. पिवळा. तिनं प्रथमेशला फोन लावला.

"तौफिक वर पडलाय. रक्त जातंय. मला वर जायला लागेल. विचारणा आली असेल बघ, मंजूर कर."

पलीकडे वर्गाचा गलका होता. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"सानू, तू नाही जायचंस. दुसऱ्या कुणालातरी बोलाव."

"दुसरं कुणी नाहीये. तू बटण दाब."

"ऐंशी मीटर शिडी चढणार तू? या अवस्थेत?"

"प्रथमेश, तो मरेल."

 त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि वायरलेसवर तौफिकचाही.

"नको," तो म्हणाला. "माझ्यानं होणार नाही. सॉरी." आणि काचेतला पिवळा ठिपका लाल झाला.

दार कुलपात होतं, पण त्याला खाली तेलाचे डबे सरकवायची एक झडप होती. तौफिकनं सकाळी डबे आत घेतले होते आणि झडप नुसती लोटलेली होती. सानिका त्यातून आडवी होऊन आत गेली. लिफ्ट तिच्यासाठी चालणार नव्हती. तिनं भिंतीवरचा बचावाचा दोर खांद्याला अडकवला, कमरेचा पट्टा शिडीच्या तारेत गुंतवला आणि चढायला लागली. प्रत्येक टप्प्यावर मनगट थरथरायचं आणि तोच गोड आवाज म्हणायचा, "धोकादायक उंची. कृपया खाली या." आतल्या पोकळीत तो आवाज घुमायचा, वर जायचा, परत यायचा. ती घाईनं चढली नाही. शिकवलं होतं तसं, श्वास सांभाळून, पायांवर भार देत चढली. मनात एकाच वेळी दोन जिवांची भीती होती.

तौफिक यंत्राला टेकून पडला होता, पांढराफटक. तिनं मांडीवर आवळपट्टी बांधली, पिळा दिला, रक्त थांबलं. मग त्याला झोळीत घातलं, मागच्या दारातून बाहेर काढलं आणि दोरानं, टॉवरच्या अंगाशी, सावकाश खाली सोडलं. खाली रुग्णवाहिका येऊन थांबली होती. वरून तिला ती काडेपेटीएवढी दिसत होती. तौफिक वाचला.

घरी प्रथमेश रडला आणि ओरडला. "मी नको म्हटलं होतं! तुला काही झालं असतं तर?"

"मला काही झालं नाही."

"झालं असतं तर?"

"दोघंबी बसा," सुमनताई ताटं मांडत म्हणाल्या. "माणूस वाचला न्हवं? मग जेवा आता."

त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका सकाळी भाकरी थापता थापता सानिकाच्या ओटीपोटात कळ आली. ती मोरीत गेली, रक्त दिसलं आणि तिला कळलं. या वेळी पट्टा तिच्यानंतर थरथरला. प्रथमेश शाळेतून धावत आला, चपला न काढता आत आला आणि तिच्या शेजारी फरशीवर बसला. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्या दिवशी दोघांच्या मधे कुणी आलं नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर निशिगंधा बर्गे यांनी तिला तपासलं आणि दार लावून घेतलं.

"मी चढले म्हणून झालं का हे?" सानिकानं विचारलं.

"नाही. म्हणजे, मला तसं वाटत नाही. रुजलेल्या गर्भांपैकी बरेचसे असे सुरुवातीलाच पडून जातात. गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं ते. तू गादीवर झोपून राहिली असतीस तरी झालं असतं."

"एवढ्या बायकांचं होतं?"

"पूर्वीही होत होतं. पण पुष्कळदा कळायचंच नाही. या वेळी पाळी जरा उशिरा आली म्हणायचं आणि कामाला लागायचं. आता पट्ट्याला कळतं. त्याच्यासाठी तो जन्म असतो आणि मग तो मृत्यू असतो." डॉक्टरांनी तिच्या मनगटाकडे बघितलं. "या पट्ट्याच्या चाचण्या घेतल्या तेव्हा मी त्या पथकात होते. किती बायका वाचल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे त्याला वाईटही म्हणवत नाही मला."

"मग लिहून द्या ना, चढण्यानं झालं नाही म्हणून."

"शक्यता लिहून देते. खात्री कुणालाच देता येत नाही, सानिका. पण गर्भ गेला की चौकशी होते, आणि तिथे मागतात ती खात्री. आणि ती आणायची तू."

चौकशीचं बोलावणं आठ-दहा दिवसांत आलं. आदल्या संध्याकाळी सानिका आणि प्रथमेश अंगणात बसले होते.

"एक करशील?" ती म्हणाली. "तू फोनवर हो म्हणाला होतास, आणि गडबडीत चुकीचं बटण दाबलं गेलं, असं सांग."

"खोटं सांगू?"

"हो. खोटं सांग."

त्यानं चष्मा काढला, पुसला. "मग जबाबदारी माझ्यावर येते. नोकरी जाईल. आई, तू, घर..."

"माझी तर जाणारच आहे."

"बघतो," तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खरोखरच बघणार होता, हे तिला ठाऊक होतं. तो माणूस वाईट नव्हता.

मातृसंरक्षण कक्ष तहसील कचेरीच्या मागच्या इमारतीत होता. भिंतीला गुलाबी रंग, कोपऱ्यात पाळणा. दक्षता अधिकारी ओतारी मॅडम पन्नाशीच्या, सौम्य बोलणाऱ्या. त्यांनी सानिकाला आधी पाणी दिलं.

"तुम्हाला कुणी दोषी म्हणत नाहीये, ताई. आम्ही फक्त समजून घेतोय." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर तिच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ होती, त्या दिवसाची, डोंगरासारखी चढलेली. "हे काय आहे?"

"मी टॉवरवर चढत होते. वर माणूस मरत होता."

"तो या चौकशीचा विषय नाही."

"मी आलोय सांगायला!" मागच्या बाकावरून कुबड्या सावरत तौफिक उठला. "मॅडम, मी जिवंत आहे तो हिच्यामुळे."

"तुम्ही बरे झालात, आनंद आहे. बसा." आवाज तसाच सौम्य होता. त्या प्रथमेशकडे वळल्या. "शेलार सर, नोंदणीकृत पालक म्हणून विचारते. त्या कामाला तुमची मंजुरी होती का?"

प्रथमेश उभा राहिला. सानिकानं त्याच्याकडे बघितलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर एक माणूस मोटरसायकलवर गवताचा भारा बांधत होता, तो पुन्हा पुन्हा निसटत होता.

"सर?"

"नव्हती," प्रथमेश म्हणाला. "मी नाकारली होती."

निकाल तिथल्या तिथे मिळाला. पालकाच्या नकारानंतर जाणूनबुजून धोका पत्करल्यामुळे सानिकाचा उंचीवर काम करण्याचा परवाना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत रद्द, आणि वर्षभर देखरेख. त्या काळात पोटात गर्भ असो वा नसो, तालुक्याबाहेर जायला पालकाची मंजुरी. शिक्षा हा शब्द कुठे नव्हता. विश्रांतीचा काळ, असं म्हटलं होतं.

घरी आल्यावर सुमनताईंनी मुलाला विचारलं, "काय सांगितलंस तिथं?"

"खरं ते सांगितलं, आई."

"व्हय. खरंच व्हतं ते." त्या भिंतीला टेकून बसल्या. "माझी किल्ली न्यायला शिपाई आला, तवा तू मला काय म्हणालास? ‘आई, भांडू नकोस, आपल्याला काय कमी आहे.’ मी बी न्हाई भांडले. तवाच भांडले असते तर आज हिच्यावर ही पाळी आली नसती."

कंपनीनं पायथ्याच्या खोलीतलं कामही काढून घेतलं. सानिका घरात राहू लागली. प्रथमेश तिच्यासाठी पुस्तकं आणायचा, तिला आवडतं म्हणून दुकानातून कंदी पेढे आणायचा, आणि ती ते खायची. दुपारी ती गच्चीवर जायची. तिथून पठारावरच्या पात्यांचं वरचं टोक दिसायचं. एके दिवशी गच्चीच्या कठड्यावर ती जरा जास्त वाकली, तर मनगट थरथरलं आणि शाळेतून प्रथमेशचा फोन आला, "काय करतेयस?" त्यानं काळजीनंच विचारलं होतं.

तिला डॉक्टर बर्गेंचा निरोप आला. कराडला एक वकीलबाई होत्या. अशाच चौकशीतून गेलेल्या बायकांच्या बाजूनं त्या हायकोर्टात दावा लावत होत्या. त्यांना एका बाईची गरज होती, जिच्या चढण्यामुळे कुणाचातरी जीव वाचला आहे आणि तो माणूस साक्षीला उभा राहील.

तिनं प्रथमेशला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "मला कराडला जायचंय. आईकडे राहीन. परत येईन की नाही, मला माहीत नाही."

 तो म्हणाला, "तू सरकारविरुद्ध जायचं आणि मंजुरी माझ्या नावानं निघायची. मला उद्या काढून टाकतील."

"मग नाकार."

"तुला कोंडून ठेवू? मी?" त्याचे डोळे भरून आले. "मला हे नको होतं, सानू. मी पेन्शनसाठी मत दिलं होतं."

"माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "तू बसस्टँडवर जा. मी करतो काहीतरी. तुला माझी मंजुरी लागणार नाही." त्यानं तिची बॅग दारापर्यंत आणली, पण बाहेर आला नाही.

सुमनताई तिच्याबरोबर चालत आल्या. "मला कोण इचारत न्हाई," त्या वाटेत म्हणाल्या. "वय उलटलं की बाई सुटली बघ." त्या हसल्या, आणि मग त्यांनी पदरानं डोळे पुसले.

कराडची बस लागलेली होती. सानिका दाराशी पोचली तोच पट्टा थरथरला. तिनं मनगट वळवून वाचलं. प्रथमेश शेलार यांनी पालकत्व सोडले आहे.

ती तिथेच उभी राहिली. त्यानं तिला सोडलं होतं की स्वतःला सोडवलं होतं, हे तिला ठरवता येईना, पण छातीवरचं काहीतरी उतरलं. पट्ट्यावर तिच्या नावापुढचा रकाना मोकळा दिसत होता. किती तरी महिन्यांत पहिल्यांदा कुणीही तिचा पालक नव्हता. स्टँडवरच्या कँटीनमधून वडे तळल्याचा वास आला आणि तिला एकदम भूक लागली.

"चला ताई, लावा हात," कंडक्टर म्हणाला.

तिनं बसच्या दाराला मनगट लावलं. ठिपका पिवळा झाला.

"नाही लागत, ताई. जुना पालक गेलाय, नव्याची मंजुरी यायचीय," कंडक्टर आपल्या यंत्रात बघत म्हणाला. "वडील आहेत का?"

"वारले."

"मग भावाकडे जातं ते आपोआप."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सुमनताईंनी एक पाय बसच्या पायरीवर ठेवला आणि दांडा धरला. "ही गाडी मी सरपंच असताना सुरू केली," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "थांबंल ती दोन मिनिटं."

सानिकाचा फोन वाजला. विक्रांत होता, तिचा धाकटा भाऊ, चाकणला कारखान्यात नोकरी करणारा. वडील गेले तेव्हा तो आठवीत होता. त्याला शिकवलं होतं ते सानिकाच्या पगारानं.

"ताई, मला काहीतरी सरकारी मेसेज आलाय," तो गोंधळून म्हणाला. मागे यंत्रांचा आवाज होता. "मी तुझा पालक झालोय म्हणे. तू कुठे चालली आहेस का? मंजूर की नामंजूर विचारतायत. मी काय करू?"

"मंजूर दाब, विकी."

"हो हो, दाबतो. थांब." तो काहीतरी वाचत असावा, त्याचा आवाज मंदावला. "ताई, इथे खाली जबाबदारीचं काहीतरी लिहिलंय."

बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. सुमनताईंनी पायरीवरचा पाय काढला नाही.

"विकी," सानिका म्हणाली, "दाब."

"दाबतो गं, दाबणारच आहे," तो म्हणाला. "पण आधी सांग तर, तू कराडला कशाला चाललीयस?"